सगळ्यांना मान्य, कुणीच न वाचलेलं

मराठीत सगळ्यांत जास्त खपलेलं पुस्तक कोणतं, यावर वाद घालता येईल. सगळ्यांत जास्त लोकांनी ‘मला मान्य आहे’ म्हणून शिक्का मारलेला मजकूर कोणता, यावर मात्र वाद होणार नाही. अटी व शर्ती, प्रायव्हसी पॉलिसी आणि डिस्क्लेमर. तुमच्या फोनमध्ये आत्ता जेवढी ॲप्स आहेत, साधारण तेवढे करार तुम्ही केलेले आहेत. भाड्याने घर घेताना अकरा महिन्यांचा करार आपण निदान चाळतो, डिपॉझिटचा आकडा दोनदा बघतो. इथे तेवढंही नाही.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. माझ्या बाजूने पाहिलं तर हा सगळा मजकूर डेटाबेसमधल्या तीन रकान्यांपुरता असतो: कुणी मान्य केलं, कधी केलं आणि कितवी आवृत्ती मान्य केली. ‘वाचलं का’ असा रकाना मी एकाही प्रोजेक्टमध्ये पाहिलेला नाही.

याला वाचकाचा आळस म्हणून चालणार नाही. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या दोन संशोधकांनी २००८ साली एक हिशेब मांडला होता. माणूस वर्षभरात ज्या ज्या साईटवर जातो, त्या प्रत्येकीची प्रायव्हसी पॉलिसी त्याने एकदा वाचायची ठरवली, तर वर्षाला २०० तासांच्या वर वेळ लागेल. म्हणजे पाच आठवड्यांची पूर्ण वेळ नोकरी, बिनपगारी. आणि हा हिशेब स्मार्टफोन हातोहाती जायच्या आधीचा.

वाचणं शक्यच नाही असा मजकूर रोज लिहिला जातो, अपडेट होतो, कोट्यवधी लोक तो मान्य करतात. साहित्याच्या पानावर त्याची समीक्षा कुणी करत नाही, कारण तो साहित्य समजला जात नाही. पण तो भाषेतच लिहिलेला आहे, आणि त्याच्या शब्दांवर आपले पैसे, फोटो, कधी कधी अब्रूसुद्धा अवलंबून असते. तेव्हा एकदा तो मजकूर म्हणून वाचून बघायला हरकत नाही. तो का लागतो, कुणासाठी लिहिला जातो, त्याची भाषा अशी का, आणि वेगळी होऊ शकते का?

चूभूदेघे

डिस्क्लेमर ही इंटरनेटने आणलेली गोष्ट नाही. आपल्याकडे हिशेबाच्या कागदाखाली, दुकानाच्या बिलाखाली ‘चूभूदेघे’ लिहायची रीत जुनी आहे. चूकभूल देणे घेणे. त्याच जागी इंग्रजी बिलावर ‘ई. अँड ओ. ई.’ असतं, म्हणजे ‘एरर्स अँड ओमिशन्स एक्सेप्टेड’. दोन्हींचं काम एकच, पण शब्द नीट ऐका. इंग्रजीत चुका वगळल्या जातात, म्हणजे बिल देणारा आपली मान सोडवून घेतो. मराठीत चूक दोन्ही बाजूंची धरली आहे. माझ्याकडून जास्त लागले असतील तर मी परत देईन, कमी लागले असतील तर तुम्ही द्या. चार अक्षरांत दोन माणसं आहेत आणि दोघांवर जबाबदारी आहे. पुढचं सगळं वाचताना हे माप मी हाताशी ठेवणार आहे.

दुसरा नमुना आपल्या दिवाळी अंकांत सापडतो. ‘या अंकातील मतांशी संपादक सहमत असतीलच असे नाही.’ ही ओळ इतकी ओळखीची आहे की ती आता डोळ्यांना दिसतसुद्धा नाही. संपादकाला तिचा उपयोग असतो, पण छापलेल्या मजकुराची कायदेशीर जबाबदारी तेवढ्या ओळीने त्याच्या अंगावरून उतरत नाही. ती खरं तर शिष्टाचाराची ओळ आहे: आम्ही वेगळं मत छापतो, एवढं ती सांगते.

तिसरा नमुना म्हणजे सिनेमाच्या सुरुवातीची ‘सर्व पात्रे काल्पनिक आहेत’ ही पाटी. तिच्या मागे एक खरा खटला आहे. १९३२ साली एमजीएमने रासपुतिनवर सिनेमा काढला. रासपुतिनला मारणाऱ्यांत राजपुत्र फेलिक्स युसुपोव्ह होता, आणि तो तेव्हा हयात होता. त्याची बायको इरिना हिने लंडनच्या कोर्टात दावा लावला की सिनेमातली एक स्त्री म्हणजे मीच आहे असं लोकांना वाटेल आणि तिच्याबाबत जे दाखवलंय त्याने माझी बदनामी झाली. १९३४ साली तिला २५,००० पौंड भरपाई मिळाली. त्यानंतर ‘काल्पनिक’ची पाटी सिनेमावाल्यांच्या सवयीचा भाग झाली. पुढे तर खऱ्या माणसांवरच्या सिनेमांनाही ती लागली.

या पाट्यांचा स्वभाव इथे कळतो. कुठलीही पाटी आभाळातून पडत नाही, आधी कुणीतरी कोर्टात गेलेलं असतं. मग भीती सवयीत मुरते, आणि सवय झाली की पाटी कशासाठी होती हे कुणाला आठवत नाही.

हे पान लागतंच का?

लागतं. भारतात ते का लागतं याची गोष्ट २००४ सालापासून सांगता येते. बाझी डॉट कॉम नावाची खरेदी-विक्रीची साईट होती. तिच्यावर एका विक्रेत्याने एक अश्लील क्लिप विकायला लावली. क्लिप साईटने बनवलेली नव्हती, तरी साईटचे प्रमुख अवनीश बजाज यांना अटक झाली. दुसऱ्याने टाकलेल्या मजकुरासाठी साईट चालवणारा किती जबाबदार, हा प्रश्न एकदम सगळ्यांसमोर आला. २००८ साली माहिती तंत्रज्ञान कायद्यात दुरुस्ती झाली आणि कलम ७९ ला आजचं रूप आलं: तुम्ही मध्यस्थ असाल आणि पुरेशी काळजी घेतली असेल, तर दुसऱ्याच्या मजकुरासाठी तुम्हाला जबाबदार धरलं जाणार नाही.

‘पुरेशी काळजी’ म्हणजे काय, ते नियमांनी सांगितलं. २०२१ च्या नियमांप्रमाणे साईटने आपले नियम, प्रायव्हसी पॉलिसी आणि युजरशी असलेला करार ठळकपणे प्रसिद्ध करायचा, आणि ठरावीक काळाने त्याची आठवण युजरला करून द्यायची. मेलबॉक्समध्ये ‘आमच्या अटींबद्दल’ म्हणून जे येत राहतं, त्यामागचं एक कारण हे. त्याआधी २०११ च्या नियमांनी पासवर्ड, बँकेची माहिती, वैद्यकीय माहिती असलं काही गोळा करणाऱ्या कंपनीला प्रायव्हसी पॉलिसी साईटवर लावणं सक्तीचं केलं होतं. आता २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा त्याची जागा घेतो आहे.

ही झाली पुस्तकातली कारणं. प्रत्यक्षात छोट्या साईटवर ही पानं कशी येतात, ते वेगळंच. ॲप स्टोअरला प्रायव्हसी पॉलिसीची लिंक दिल्याशिवाय ॲप पुढे सरकत नाही. पेमेंट गेटवे चालू करून घ्यायचा, तर रिफंडचं पान, अटींचं पान आणि संपर्काचं पान लागतं. म्हणजे फॉर्ममधला एक रकाना भरायचा म्हणून पान हवं असतं. मग दुसऱ्या कुणाच्या साईटवरून मजकूर उचलायचा, कंपनीचं नाव बदलायचं, संपलं. मी अशी एक साईट पाहिली आहे जिच्या अटींत वाद झाल्यास न्यायक्षेत्र म्हणून अमेरिकेतलं डेलावेअर राज्य लिहिलं होतं. साईट कोल्हापुरी चपला विकत होती. चपलेचा अंगठा तुटला तर गिऱ्हाईक डेलावेअरला जाणार होतं की दुकानदार, कुणास ठाऊक.

हसू येतं, पण यातून त्या दुकानदाराचंही नुकसान आहे. त्याने रिफंडबद्दल जे उचलून चिकटवलं, ते त्याचं वचन झालं. मूळ कंपनी तीस दिवसांत पैसे परत देत असेल, तर यालाही द्यावे लागतील. न वाचता मान्य करणाऱ्यांइतकेच न वाचता लावणारेही आहेत.

लहान माणसाची ढाल

या मजकुराला नुसत्या शिव्या घालणं सोपं आहे, आणि माझ्या धंद्यातल्या माणसाला ते शोभत नाही. आम्ही रोज डिस्क्लेमरवर उभे असतो. जगातलं बरंचसं सॉफ्टवेअर फुकट मिळणाऱ्या कोडवर चालतं, आणि त्यातल्या कितीतरी कोडला एमआयटी लायसन्स नावाचा एक छोटासा मजकूर जोडलेला असतो. त्याचा सारांश असा: हे घ्या, वापरा, बदला, विका, फक्त ही नोंद काढू नका. चाललं नाही, काही बिघडलं, तर आम्ही जबाबदार नाही.

हे शेवटचं वाक्य नसतं तर काय झालं असतं? डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे नावाच्या एका कोडमध्ये गंभीर त्रुटी सापडली. जगभरातल्या मोठमोठ्या कंपन्यांची सिस्टिम त्यावर होती. सांभाळणारे होते हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढे स्वयंसेवक, आपली नोकरी सांभाळून. पुढच्याच महिन्यात ‘कर्ल’ या टूलचा स्वीडिश कर्ता डॅनियल स्टेनबर्ग याला एका बड्या कंपनीची मेल आली. लॉगफोरजेचा तुमच्यावर काय परिणाम झाला, याची उत्तरं चोवीस तासांत द्या. कर्ल ते फुकट वापरत होते, त्याच्याशी त्यांचा कसलाही करार नव्हता. त्याने उत्तर दिलं की आधी सपोर्टचा करार करू, मग आनंदाने सगळं सांगतो. हे तो बिनधास्त लिहू शकला, कारण ‘आम्ही जबाबदार नाही’ हे कर्लच्या लायसन्समध्ये आधीच लिहिलेलं होतं.

इथे डिस्क्लेमर प्रामाणिक आहे. देणाऱ्याने पैसे घेतलेले नाहीत, घेणाऱ्याची माहिती घेतलेली नाही, आणि कोड उघडा आहे, तपासून घ्या. आरोग्याविषयी लिहिणाऱ्याने ‘हा डॉक्टरचा सल्ला नाही’ म्हणणं, शेअर बाजारावर लिहिणाऱ्याने ‘ही शिफारस नाही’ म्हणणं, यातही तेच आहे. माझं ज्ञान इथवर, पुढचं तुमचं तुम्ही बघा. डिस्क्लेमर म्हणजे आपली मर्यादा सांगणं, आणि ती सांगितली नाही तर लहान माणूस काही देऊच शकणार नाही.

मग हेच वाक्य मोठ्या कंपनीच्या तोंडी का खटकतं? कारण तिने पैसे किंवा माहिती घेतलेली असते, आतलं काही दाखवलेलं नसतं, आणि तरीही जबाबदारी नको असते. शब्द तेच, पण तोलाच्या पारड्यात दुसऱ्या बाजूला काहीच नाही.

‘शकते’ची भाषा

आता मजकूर जवळून वाचू. कुठलीही नेहमीची पॉलिसी उघडली की अशा धाटणीचं वाक्य भेटतं: ‘आपला अनुभव अधिक चांगला करण्यासाठी आपली माहिती आमच्या विश्वासू भागीदारांसोबत शेअर केली जाऊ शकते.’

केली जाऊ शकते. कोण करतं? माहीत नाही, कर्ता पळून गेलाय. कधी करतं? माहीत नाही, नुसती शक्यता आहे. हवामान खात्याने पावसाबद्दल बोलावं तसं कंपनी स्वतःच्या वागण्याबद्दल बोलते. पण मला आतून माहीत आहे की कोडमध्ये ‘शकते’ नसतं. जाहिरात कंपनीची लायब्ररी ॲपमध्ये एक तर टाकलेली असते किंवा नसते. लोकेशन एक तर पाठवलं जातं किंवा जात नाही. पाठवायचं असेल तर कुणीतरी त्या ओळी लिहिलेल्या असतात, दुसऱ्या कुणीतरी तपासलेल्या असतात, आणि त्या कोणत्या तारखेला चालू झाल्या याचीही नोंद असते. इंजिनिअरला जे ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणून माहीत आहे, ते वकिलाच्या हातातून युजरकडे जाताना ‘शकते’ होतं. वकिलाचा हेतू उघड आहे. उद्या चालू केलं तर आजच परवानगी घेऊन ठेवलेली बरी.

तेच वाक्य मी असं लिहीन: ‘तुम्ही कोणत्या वस्तू बघता हे आम्ही एका जाहिरात कंपनीला कळवतो. त्याचे आम्हाला पैसे मिळतात. नको असेल तर इथे बंद करा.’ तीन वाक्यं, कठीण शब्द एकही नाही. फक्त कर्ता परत आला, आणि पैशाचा उल्लेख आला.

मराठी भाषांतरात तर आणखी गंमत होते. ‘थर्ड पार्टी’चं ‘तृतीय पक्ष’ होतं, आणि निवडणुकीतली तिसरी आघाडी डोळ्यांसमोर येते. ‘सर्व्हिस’ची ‘सेवा’ होते. सेवा हा आपल्याकडे वारीत पाय चेपणाऱ्याचा, आजाऱ्याच्या उशाशी बसणाऱ्याचा शब्द. ‘ही सेवा वापरून आपण मान्य करता की’ असं वाचताना त्या शब्दाची सगळी पुण्याई कंपनीच्या खात्यात जमा होते. इंग्रजी पॉलिसीत ‘आम्ही कसलीही हमी देत नाही’ हा भाग कॅपिटल अक्षरांत ओरडून लिहिलेला असतो. त्याला कारण आहे: अमेरिकेतल्या व्यापारी कायद्यात हमी नाकारताना ती नाकारलेली ठळक दिसली पाहिजे अशी अट आहे. देवनागरीत कॅपिटल अक्षरं नाहीत. त्यामुळे भाषांतरात तो आरडाओरडा साध्या ओळींत विरघळून जातो, आणि जे सगळ्यांत ठळक दिसायला हवं होतं, तेच सपाट होतं. ठळक टाईप करता येतो, चौकट करता येते. भाषांतर करणाऱ्याला ती अक्षरं मोठी का होती हे कुणी सांगितलेलंच नसतं, एवढंच.

ढालीची भिंत होते तेव्हा

२०२४ साली अमेरिकेत डिस्नेने एक युक्तिवाद केला. फ्लोरिडातल्या त्यांच्या परिसरातल्या एका रेस्टॉरंटमध्ये जेवल्यावर ॲलर्जीमुळे एका बाईंचा मृत्यू झाला, असा दावा त्यांच्या नवऱ्याने लावला होता. डिस्नेचं म्हणणं असं की या गृहस्थांनी काही वर्षांपूर्वी डिस्ने प्लस या ओटीटीचं ट्रायल घेतलं होतं, त्याच्या अटींत वाद कोर्टाऐवजी लवादाकडे न्यायचं मान्य केलं होतं, म्हणून हा खटलाही कोर्टात चालू नये. सिनेमे बघायला केलेलं क्लिक ताटातल्या अन्नापर्यंत पोचलं. गदारोळ झाल्यावर डिस्नेने तो मुद्दा मागे घेतला. पण असा अर्थ काढता येतो असं एका मोठ्या कंपनीच्या वकिलांना वाटलं, हे पुरेसं आहे.

आपल्याकडचं उदाहरण सगळ्यांच्या खिशातलं आहे. जानेवारी २०२१ मध्ये व्हॉट्सॲपने नवी पॉलिसी पुढे केली: मान्य करा, नाहीतर ॲप सोडा. घरचा ग्रुप, शाळेचा ग्रुप, सोसायटीचं पाणी कधी येणार हे सगळं जिथे आहे, ते सोडायचं म्हणजे कुठे जायचं? नोव्हेंबर २०२४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने याच कारणावरून मेटाला २१३ कोटींच्या वर दंड लावला. दुसरा खरा पर्याय नसताना घेतलेल्या संमतीला संमती म्हणायचं का, हा त्यातला गाभा. प्रकरण पुढे अपिलात गेलं, पण आयोगाने तो प्रश्न विचारला हे महत्त्वाचं.

आणि सगळ्यांत कडू उदाहरण लोन ॲप्सचं. माझ्या एका मित्राने नोकरी गेल्यावर अशाच एका ॲपवरून थोडे हजार रुपये उचलले. ॲपने कॉन्टॅक्ट लिस्टची परवानगी मागितली होती, पैशाची निकड होती, त्याने दिली. हप्ता चुकला तेव्हा फोन त्याला आला नाही, सांगलीला त्याच्या मामांना आला. मग आत्याला, मग जुन्या मॅनेजरला. ‘तुमचा भाचा चोर आहे’ हे वाक्य मामांनी आयुष्यात पहिल्यांदा अनोळखी माणसाच्या तोंडून ऐकलं. मामांनी कुठल्या पानावर टिक केलं होतं? कुठल्याच नाही. त्यांचा नंबर दुसऱ्याच्या संमतीने गेला. कागदावर सगळं रीतसर होतं. सप्टेंबर २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने कर्ज देणाऱ्या ॲप्सना कॉन्टॅक्ट लिस्ट, कॉल लॉग, फोनमधल्या फाइल्स यांना हात लावायला मनाई केली. म्हणजे ‘युजरने मान्य केलं होतं’ हे उत्तर पुरेसं नाही, काही गोष्टी मागायच्याच नाहीत, असं शेवटी नियामकाला सांगावं लागलं.

पाटी लावली म्हणून झालं नाही

हे सगळं वाचून ‘मग आपण फसलोच’ असं वाटेल. तसं नाही. पाटीवर लिहिलेलं प्रत्येक वाक्य कायदा मानतोच असं नाही, आणि हे फार जुनं आहे.

साठच्या दशकात मद्रासच्या एका लॉण्ड्रीने गिऱ्हाइकाची नवी साडी हरवली. पावतीच्या मागे छापलं होतं की कपडा हरवला तर किमतीच्या १५ टक्केच मिळतील. उच्च न्यायालयाने ती अट मानली नाही. असं चालू दिलं तर नवी साडी पंधरा टक्क्यांत ठेवून घ्यायची सोयच झाली की! १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने ब्रोजो नाथ गांगुली खटल्यात सांगितलं की दोन बाजूंची ताकद सारखी नसेल, आणि दुबळ्या बाजूला ठिपक्यांच्या रेषेवर सही करण्यावाचून गत्यंतर नसेल, तर त्यातली अन्यायी कलमं कोर्ट रद्द करू शकतं. २०१९ साली त्याच न्यायालयाने एका पंचतारांकित हॉटेलच्या बाबतीत निकाल दिला: १९९८ मध्ये गाडी व्हॅलेच्या ताब्यात दिली होती, ती चोरीला गेली, आणि ‘ओनर्स रिस्क’ असं टॅगवर छापलं म्हणून हॉटेलची स्वतःची हयगय माफ होत नाही. इंग्लंडमध्ये न्यायाधीश डेनिंग यांनी तर १९५६ मध्येच म्हणून ठेवलंय की काही अटी इतक्या जाचक असतात की त्या लाल शाईत छापून वर लाल हाताने बोट दाखवल्याशिवाय पुरेशी सूचना दिली असं म्हणता येणार नाही.

आपल्या दुकानातली ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटीही सदोष मालाच्या बाबतीत टिकत नाही. असा माल परत न घेणं २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा ठरतं. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनी आधीच टिक केलेल्या चौकोनाने संमती नोंदवायला बंदी केली. आणि ज्या नव्या पाटीशी आपली पिढी रोज वावरते, ‘एआय चुका करू शकतं’, तिच्याबद्दलही एक निकाल आहे. एअर कॅनडाच्या चॅटबॉटने आजी वारलेल्या एका प्रवाशाला तिकिटाच्या सवलतीबद्दल चुकीचं सांगितलं. कंपनीने सुचवलं की चॅटबॉट आपल्या बोलण्याला स्वतः जबाबदार आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथल्या लवादाने ते मानलं नाही. साईट तुमची, चॅटबॉट तुमचा, मग बोलणंही तुमचंच. गिऱ्हाइकाने साईटच्या कोणत्या कोपऱ्यावर विश्वास ठेवायचा हे ओळखत बसायचं कारण नाही.

मराठीत वाचायचा हक्क

२०२३ चा डेटा संरक्षण कायदा मजकूर म्हणून वाचण्यासारखा आहे. त्यात कुणाही व्यक्तीसाठी सर्वनाम ‘ती’ वापरलं आहे, आणि मधून मधून उदाहरणं दिली आहेत. त्यातलं एक असं: एका बाईने टेलिमेडिसिनचं ॲप घेतलं. ॲपने उपचारासाठी माहिती मागितली आणि सोबत कॉन्टॅक्ट लिस्टही मागितली. तिने दोन्हीला हो म्हटलं. कायदा म्हणतो, उपचाराला कॉन्टॅक्ट लिस्ट लागत नाही, तेव्हा तिची संमती उपचाराच्या माहितीपुरतीच धरायची. माझ्या मित्राच्या मामांचा प्रश्न इथे दोन ओळींत सुटलेला दिसतो. संमती जेवढ्या सहज दिली तेवढ्याच सहज काढून घेता आली पाहिजे, तक्रार करायचा हक्क सोडून दिला असं अटींत लिहून घेतलं तरी ते बाद, हेही त्यात आहे. कंपनीला २५० कोटींपर्यंत दंड होऊ शकतो.

कायदा निर्दोष नाही. सरकारला त्याने दिलेल्या सवलती मोठ्या आहेत, आणि त्याच्यामुळे माहितीच्या अधिकाराच्या कायद्यातलं एक कलम आखडलं ही टीका गंभीर आहे. नियम यायलाही नोव्हेंबर २०२५ उजाडला, आणि अंमल टप्प्याटप्प्यानेच होणार आहे.

पण त्यातली एक तरतूद या पानाच्या वाचकांसाठी खास आहे. संमती मागणारी सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत वाचायचा पर्याय व्यक्तीला दिला पाहिजे. २२ भाषा, त्यात मराठी आहे, कोकणी आहे. आणि नियम म्हणतात की ही सूचना साध्या, स्पष्ट भाषेत हवी, दुसरं काही न वाचता कळेल अशी, कोणती माहिती आणि कशासाठी याची बाबवार यादी देणारी.

म्हणजे येत्या काळात मराठीत प्रचंड मजकूर लिहिला जाणार आहे. आमच्या क्षेत्रात काय होईल ते मला आत्ताच दिसतंय. इंग्रजी मजकूर भाषांतराच्या मशीनमधून काढायचा, भाषा निवडायच्या यादीत ‘मराठी’ जोडायचं, तिकीट बंद. ‘तृतीय पक्ष’ आणि ‘केली जाऊ शकते’ यांची आणखी एक खेप फोनमध्ये उतरेल, आणि मराठीत असूनही ती कुणी वाचणार नाही.

दुसरं होऊ शकतं, पण त्यासाठी हे काम वकील, इंजिनिअर आणि मराठी नीट लिहिणारा माणूस यांनी एका टेबलावर बसून करावं लागेल. इंजिनिअरने सांगायचं की कोड नेमकं काय करतं. वकिलाने सांगायचं की काय लिहिणं भाग आहे. लिहिणाऱ्याने दोघांना विचारायचं की यात कर्ता कोण, पैसे कुणाला, आणि मामांच्या नंबरचं काय? मग ते एखाद्या सांगलीच्या मामांना वाचून दाखवायचं. त्यांना कळलं तर लावायचं, नाहीतर पुन्हा लिहायचं. भाषेच्या भवितव्याबद्दल आपण एरवी पुष्कळ परिसंवाद घेतो. त्यातल्या एखाद्यात ‘मला मान्य आहे’ या बटणाच्या वर काय लिहावं, यावर निदान अर्धा तास बोलायला हवं.